आज्जी मेल्याचे पेढे

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका मेंढीची लोकर कातरली. दिवाळी तोंडावर आली होती. ती मेंढीचे पाय धरून बसलेली, मी कातर चालवतोय. लग्न झाल्यापासून हे असंच. तिनं धरायचं, मी कातरायचं आणि दोघांनी एकमेकाला नावं ठेवायची.

"आवं, लोकर काढताय का कातडं सोलताय?"

"तू नीट धर की मग. धरलंयस का कुरवाळतीयास तिला?"

नात सात वर्षांची. ती लोकर पोत्यात भरत होती, निम्मी पोत्यात आणि निम्मी स्वतःच्या डोक्यावर.

ती मेंढी आठ-दहा दिवस झाले डाव्या अंगाला गरगरा फिरायची. आमची पिढ्यान् पिढ्या मेंढरांची. आता अकराच राहिलीत, बाकी ऊस. पण हा रोग आमच्यातलं शेंबडं पोरगं पण सांगेल. मेंढराच्या डोक्यात पाण्याचा फोड होतो, तो मेंदूला दाबतो, जनावर एकाच बाजूला फिरत राहतं आणि मरतं. फोड वाढला की त्याच्यावरची कवटी मऊ पडते. ती मऊ जागा अंगठ्यानं हुडकायची. माझ्या अंगठ्याला ती कधी लागली नाही. हिच्या लागायची. कातरून झाल्यावर तिनं मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं, चाचपलं आणि म्हणाली, "हितं हाय बगा." मग नातीचा अंगठा धरून तितं टेकवला.

"लागलं का?"

"पिकल्या पेरूवानी लागतंय, आज्जे!"

दुसऱ्या दिवशी कालव्यापलीकडनं तात्या आला. तात्या म्हणजे माझा जुना सोबती, आमचे कळप बरोबर चरायचे. त्यानं त्या जागी कवटी उघडून फोड काढला. लिंबाएवढी पाण्याची पिशवी. मेंढी जगली. मान तिरकी राहिली, पण खाते-पिते.

त्यानंतर आठव्या दिवशी माझी बायको मेली. चुलीवर चहा ठेवला होता, तो उतू गेला आणि ही खाली पडलेली. हृदय बंद पडलं म्हणाले. मेंढी जगली आणि ती मेली. यात देवाचा काय हिशोब असतो ते सांगायला पुष्कळ जण आले. मी सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं. रडलो नाही. रडू आलंच नाही, त्याला मी काय करू?

पौषात नातीला ताप आला. दोन दिवस गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती भलतंच बोलायला लागली. भाकरी हातात घेऊन विचारते, "हे कशाला असतं?" चमच्याला म्हणाली, "ते कुत्र्याचं." मग भिंतीकडं बघून हसली. आणि मग तिची मान डावीकडं वळली ती वळलीच, तोंडाचा एक कोपरा फडफडायला लागला.

डावीकडं वळलेली मान बघितली आणि माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. फोड. त्या मेंढीच्या गळ्यात पडून झोपायची पोरगी, तिचा रोग हिला लागला. आणि ती मेंढी मी ठेवली होती. पोरगा दोनदा म्हणाला होता विकून टाका, मी म्हणालो, तुझ्या आईचा हात लागलाय तिला, विकणार नाही.

पोरगा सकाळपाळीला गेलेला. एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात आहे, आत फोन नेऊ देत नाहीत. सून म्हणाली, "मामंजी, बारामतीला नेऊया."

मी म्हणालो, "थांब. आदी जागा बगू."

पोरीचं डोकं मांडीवर घेऊन सगळी कवटी अंगठ्यानं चाचपली. कुठंच मऊ लागेना. पण माझा अंगठा नालायक, हे मला माहीत होतं. ज्या अंगठ्याला कळत होतं तो दिवाळीआधी जाळून आलो होतो. म्हणून तात्याला फोन लावला. तो ऊस घेऊन भवानीनगरच्या कारखान्यावर गेलेला, गाड्यांच्या रांगेत अडकलेला. येतो म्हणाला. सकाळी आठपासून दुपारी बारापर्यंत आम्ही त्याची वाट बघत बसलो. सून दोनदा रडून म्हणाली, चला. मी दोनदा तिच्यावर वरडलो. हे लिहायला मला गोड वाटत नाही. पण घडलं ते असं.

तात्या आला. पोरीकडं नुसतं बघितलं. अंगठा लावलासुद्धा नाही.

"आरं ए, मेंढरू कुठलं आन् लेकरू कुठलं, वळखू येईना व्हय तुला?"

"तू दाबून तर बग—"

"काय दाबू? मानसाच्या कवटीत मला काय कळतंय? म्हातारी गेली आन् तुझी अक्कल घिऊन गेली! गाडी बोलव, मुडद्या!"

गाडीत पोरगी आखडली. सगळं अंग लाकडासारखं झालं, डोळे वर गेले. सुनेनं तिला धरलं होतं आणि ती माझ्याकडं बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

बारामतीच्या दवाखान्यात लहान मुलांची डॉक्टरीणबाई होती, माझ्या सुनेच्या वयाची. सुया, सलाईन, धावपळ. फिट थांबली तेव्हा तिनं विचारलं, "मान कधी वळली?"

मीच म्हणालो, "सकाळी आठला. मी थांबवलं."

"का?"

"मला वाटलं, मेंढराचा फोड हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता खेटर काढते. ती म्हणाली, "ते नंतर सांगा मला. नीट सांगा." आणि कामाला लागली. मणक्यातनं पाणी काढून तपासायला दिलं, आणि त्याची किंवा कशाचीच वाट न बघता एक औषध सलाईनमधनं चालू केलं. मग म्हणाली, मेंदूचा एमआरआय काढायचाय.

पोरीला भूल देणार होते, कारण तितं हलून चालत नाही. भुलीचा डॉक्टर बरोबर होता, पण घरचं एक माणूस आत बसलं तर चालेल म्हणाले. पोरगा तोवर कारखान्यातनं पळत आला होता. त्याच्या पायात अपघातानंतर बसवलेली स्टीलची पट्टी आहे, त्याला बाहेरच ठेवलं. सून म्हणाली, "मामंजी, तुमीच जावा. तुमीच थांबवलंत, आता तुमीच बसा तिच्यापशी."

बरोबर बोलली.

दारावर एक पोरगी उभी, मशीन चालवणारी. "आबा, अंगावरचं धातूचं सगळं काढा. मशीन म्हणजे मोठं लोहचुंबक आहे." मी चुन्याची डबी काढली. कानातली बाळी काढली. अडकित्ता काढला. ती म्हणाली, "अजून?" सदऱ्याची पिन काढली. "अजून?" मग करदोडा. त्याला गोठ्याची किल्ली होती आणि बायकोचं एक जोडवं मी बांधून ठेवलं होतं. ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्या पोरीनं ते बघितलं आणि वेगळ्या कागदात बांधून ठेवलं. शहाणी पोरगी.

आत नातीला त्या पांढऱ्या नळकांड्यात सरकवली. माझ्या कानात बोळे घातले. आणि मशीन सुरू झालं. धडधड, धडधड, मग कटकटकट, मग एकदम थांबलं, आणि मग धूम्, धूम्, धूम्! आमच्यात देवापुढं गजीचा नाच खेळतात तेव्हा ढोल असाच वाजतो, आधी घोळवून घेतो आणि मग एकदम उठवतो. मी भ्यायला पाहिजे होतं. पण माझ्या अंगात काहीतरी उठलं. मी नातीचे पाय धरले होते, जसे बायको मेंढीचे धरायची, आणि माझा पाय ठेक्यावर पडायला लागला.

मशीनमधनं आवाज आला, "आबा, पाय हलवू नका!"

दिवस मावळायच्या आत फोटो आले. पोरगा आणि सून पोरीजवळ होते, म्हणून डॉक्टरीणबाईनं मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. म्हणाली, "आता सांगा, मेंढरांचं काय असतं?" मी सगळं सांगितलं. अंगठा, मऊ जागा, फोड. तिनं मन लावून ऐकलं. मग तिनं बोटानं एक चाक फिरवलं आणि पडद्यावर नातीचं डोकं उघडलं. एकेक चकती. वरनं खाली, कपाळापासून मानेपर्यंत. कुठं रक्त नाही, सुरी नाही, आणि पोरगी तिकडं खाटेवर जिती!

भेजा मी हजार वेळा बघितलाय. पण मेलेल्याचा. जित्या डोक्यातला मी जन्मात बघितला नव्हता. वळ्या त्याच, घड्या त्याच. मी खुर्चीतनं उठलोच. "थांबा, बाई! माघारी घ्या. अजून. हितं! ही बाजू आन् ही बाजू सारकी पायजे. सारकी न्हाय. उजवीकडं हितं खाली सुजलंय, पांढरं झालंय, साय धरल्यावानी!"

डॉक्टरीणबाई हसली. "बरोबर पकडलंत. फक्त फोटोत उजवीकडं दिसतं ते तिचं डावं. समोर बसलेल्या माणसासारखं."

मी चौथीपर्यंत शिकलो. शाळेत मास्तरांनी मला बरोबर असं एकदाही म्हटलं नव्हतं. पोरगी मरणाच्या दारात आणि मला आनंद झाला, याची लाज वाटते. पण झाला. कारण अडीच महिने मला कुणी काही दाखवलं नव्हतं. बायको कशानं गेली, आत काय झालं, काही दिसलं नाही, सगळे नुसते सांगत होते. हितं दिसत होतं. ते पांढरं समोर होतं, त्याला जागा होती, त्याच्यावर बोट ठेवता येत होतं.

"आन् फोड?"

"फोड नाही, आबा. ही मेंदूची सूज आहे. एक विषाणू असतो, तापात ओठावर पुळ्या येतात ना, त्यातलाच. बहुतेकांना काही करत नाही. एखाद्या लेकराच्या मेंदूत शिरतो. आणि शिरला की बहुधा इथंच, कानाच्या वरच्या अंगाला आत. म्हणून फोटो बघून ओळखता येतो. पाण्याच्या तपासणीतनं पक्कं होईल. त्याच्यावर औषध आहे, ते मघाशीच चालू केलंय."

"मेंढीकडनं आला का?"

"नाही."

"कवळून झोपायची वो तिला."

"तरी नाही."

"नक्की?"

"आबा, मेंढीचा यात काही संबंध नाही. तिचा फोड तो वेगळा. तो कुत्र्यांमुळं होतो. कुत्र्याच्या पोटातल्या जंतांची अंडी गवतावर पडतात, ती मेंढरू खातं. कुत्र्यांना जंताचं औषध देता का?"

"कुत्र्याला औषद कोन देतंय?"

"मग द्या."

मी विचारलं, सकाळी आणली असती तर? ती म्हणाली, "आधी आणली असती तर बरं झालं असतं. किती फरक पडला असता ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही." मला तिचं हे आवडलं. गूळ लावून बोलली नाही.

मग तिनं त्या पांढऱ्यावर बोट ठेवलं. "ही जागा आठवणीची आहे. ताप उतरेल, फिट थांबेल. पण नवं सांगितलेलं डोक्यात राहील का नाही, ते जागी झाल्यावरच कळेल."

"न्हाय ऱ्हायलं तर?"

"तर शाळा अवघड. शिकणंच अवघड."

तिथनं पुढं मला एकच गोष्ट बघायची होती. पोरीच्या डोक्यात नवं काही राहतंय का.

सहाव्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आबा, तुझ्या मिशीला चुना लागलाय."

मी असा ओरडलो की नर्स पळत आली. पोरगा आला, सून आली, सगळी एकदम बोलायला लागली. पोरीनं सगळ्यांना नावानं वळखलं. मग म्हणाली, "आज्जी कुठं हाय?"

अडीच महिन्यांतलं तिच्या डोक्यात काहीच उरलं नव्हतं. पोरानं मला डोळ्यानं खुणावलं. मी म्हणालो, "आज्जी मेली, बाळा. दिवाळीआदी."

ती ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली आणि म्हणाली, "आबा, आज्जी कुठं हाय?"

तिसऱ्या दिवशी तेच. पोरगा मला बाहेर घेऊन गेला. "आबा, बाजारला गेलीय म्हना की! रोज रडवायचं कशाला?"

"आन् बाजारातनं कवा येनार ती? मी खोटं बोलनार न्हाय."

"तुमाला काय, बोलायला काय जातंय तुमचं!"

डॉक्टरीणबाई म्हणाली, खरं सांगा, थोडक्यात सांगा, रोज त्याच शब्दांत सांगा. एखाद्या दिवशी धरून ठेवेल.

म्हणून मी रोज सकाळी तेच सांगायला लागलो. "आज्जी मेली. दिवाळीआदी. चुलीवर चा ठिवला होता. तिला दुखलं न्हाय." शेवटचं मला खरं माहीत नव्हतं, पण तेवढं एक घातलं. गावाला मी हे एकदाच सांगितलं होतं, तेही मान खाली घालून. हितं रोज सांगायचं, आणि ऐकणारीला रोज नवं. रोज तिचं तोंड तसंच वाकडं व्हायचं, आणि तिसऱ्या-चौथ्या सकाळी कधी तरी माझं पण व्हायला लागलं. दोघंजण खाटेवर बसून रडायचो. मग चहा यायचा.

शेजारच्या खाटेवर बारामतीतल्या बांगड्यांच्या दुकानातली एक बाई होती, तिच्या पोराच्या छातीत पाणी झालेलं. एक दिवस ती म्हणाली, "आबा, रागवू नका, पण रोज एकदा मारताय बिचारीला." लागलं मला ते. पण दुसऱ्या सकाळी मी सांगायला लागलो तेव्हा तिनंच नातीला पाणी आणून दिलं आणि पाठीवरनं हात फिरवला.

आठ सकाळी असं झालं. नवव्या सकाळी मी चहा घेऊन आलो. नात उठून बसली होती, सलाईनच्या नळीशी खेळत होती. मी वाट बघितली. ती काही विचारेना. माझ्याच्यानं राहवेना.

"आज इचारलं न्हाईस."

"काय?"

"आज्जीचं."

ती माझ्याकडं बघायला लागली, जसं एखाद्या खुळ्याकडं बघावं. "आज्जी मेली न्हवं का? तूच सांगितलंस की काल. चा ठिवला होता चुलीवर."

चहा माझ्या हातातनं पडला. मी कॉरिडॉरमध्ये पळत सुटलो. गुडघे दुखतात माझे, त्या दिवशी दुखले नाहीत. डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटजवळ होती, मी लांबनंच ओरडलो, "बाई! आटवलं! नातीला आटवलं! आज्जी मेली!" सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. डॉक्टरीणबाईनं तोंडावर हात धरला आणि मग तीच पळत पोरीकडं आली.

मी खाली उतरलो, समोरच्या दुकानातनं पेढे घेतले. गेटवरच्या वॉचमनला पहिला दिला.

"काय आबा, घरी गेली का नात?"

"न्हाय. तिची आज्जी मेली."

त्यानं पेढा तोंडाजवळनं माघारी घेतला. "आन् पेढे?"

"तिला म्हाईत हाय म्हनून! खा!"

त्यानं खाल्ला, पण भीत भीत. वर बांगडीवाल्या बाईनं न विचारता दोन उचलले. "एक माझा, एक तुमच्या कारभारणीचा." पोरानं पेढा हातात धरला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याची आई होती ती. मला या गडबडीत ते सुचलंच नव्हतं. सुनेनं मात्र माझ्या हातात पेढा ठेवला आणि म्हणाली, "मामंजी, खावा. तुमीच सांगितलंत, तुमीच खावा." गाडीतल्या त्या दिवसापासून ती पहिल्यांदा माझ्याशी गोड बोलली.

दुपारी दुसरा एमआरआय झाला. डॉक्टरीणबाईनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. मी म्हणालो, "सांगू नका, मी बगतो." पहिल्यातली साय दुसऱ्यात पुष्कळ पातळ झालेली, सूज उतरलेली, दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. एका जागी वाटाण्याएवढा डाग.

"हे?"

"हे राहील. गोळ्या खाव्या लागतील, शब्द अडखळतील, शाळेत वेळ लागेल. पण साठवतेय ती, आबा."

औषधाचे अजून काही दिवस बाकी होते. मला म्हणाले, तुम्ही घरी जाऊन या, किती दिवस झाले. त्या संध्याकाळी बारामतीत जनावरांच्या औषधाच्या दुकानातनं मी कुत्र्यांच्या जंताच्या गोळ्या घेतल्या.

दुसऱ्या सकाळी निघताना नात जागी होती. म्हणाली, "वाकड्या मानेच्या मेंढीला सांग, मी येतीय." आज्जीचं काही विचारलं नाही. मी पण काही सांगितलं नाही. इंदापूरच्या एसटीनं भवानीनगरपर्यंत आलो, तिथनं चालत वस्तीवर. तात्या माझ्या मेंढरांना चारा टाकत होता. मी कपडेसुद्धा बदलले नाहीत. भाकरीत गोळी घालून आमच्या पांढऱ्या कुत्र्याला दिली, त्यानं गिळली. काळं कुत्रं हुशार. भाकरी खाल्ली आणि गोळी थुंकली. दोनदा थुंकली. तेव्हा तात्यानं त्याचे पाय धरले, मी जबडा उघडला आणि अंगठ्यानं गोळी पार घशापर्यंत ढकलली.